हॅलम बेपत्ता

जालना
रविवार, ता. ८ मार्च २००९

प्रिय मार्तंडभाऊजी,

सप्रेम नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका, घरात कुणाला काही झालेलं नाही. आईंचे गुडघे होते तसेच आहेत, मामंजींचं बीपी गोळीनं ताब्यात आहे, आणि मी कामावर जाते, येते, जेवते. फोन तुम्ही महिनाभर उचलत नाही. ईमेल केला की "वहिनी, रिलीज चालू आहे, निवांत बोलू" एवढंच येतं. महिनाभर कसलं हो रिलीज? धरणाचे दरवाजे उघडलेत का काय? म्हणून शेवटी कागद घेतला. कागद मध्येच कट करता येत नाही.

इकडं ऊन तापायला लागलंय. नळाला पाणी कधी येईल ते त्या नळालाच ठाऊक. कंपनीत कपाशीच्या बियाण्याचा हंगाम सुरू झालाय, एमआयडीसीच्या रस्त्यावर पोत्यांचे टेम्पो नुसते रांग लावून उभे असतात, आणि आम्ही लॅबमध्ये उगवणीच्या चाचण्या लावता लावता कंबर मोडून घेतो. समोरच्या नंदाबाईंच्या धाकटीचं जमलं. मुलगा औरंगाबादला, स्वतःचं मेडिकल स्टोअर आहे. आईंनी या वर्षीही शेवया केल्या. गुडघे दुखत असताना करू नका म्हटलं तर म्हणाल्या, "मार्तंडला आवडतात, केशवलाही आवडतात, दोघांचे डबे वेगळे भर." मी भरले.

आता विकीचं. तुम्ही बघितलंच असेल, पण मला सगळं ओळीनं लिहू द्या, नाहीतर मी मध्येच अडखळेन.

आपल्या 'ड्राय हार्बर' खेळाच्या विकीवर हॅलमवरून भांडण पेटलंय. समुद्र आटलेल्या त्या बंदरातला पाणक्या. तिसऱ्या भागात दीपगृहापलीकडं पाणी शोधायला जातो तो जातोच, खेळ संपला तरी परत येत नाही. त्याच्या पानावर "स्थिती" अशी जी चौकट आहे, तिच्यात केशवनं पान काढलं त्याच दिवशी "बेपत्ता" असं लिहिलं होतं. लिहिलं इंग्रजीत, पण मला तो शब्द मराठीतच ऐकू येतो. आता खेळाची कथा लिहिणारा माणूस कुठल्याशा मुलाखतीत बोलून गेला की हॅलम मेला असंच आमच्या मनात होतं. झालं! पोलंडचा तो पोरगा म्हणतो, लिहिणाराच सांगून राह्यला तर चौकट बदला. ब्राझीलची ती बाई म्हणते, खेळात दाखवलं नाही तर ते कॅनन नाही, बदलाल तर याद राखा. दोघं रोज एकमेकांना धुऊन काढतात.

मामंजी परवा पेपर बाजूला ठेवून विचारत होते, "जगातले लोक मिळून एका खेळावर लिहितात, हे समजलं. कुणी काही बदललं की खाली त्याचं नाव उमटतं, तेही समजलं. पण भांडतात कशावरून?" मी तोंड उघडायच्या आत आईच म्हणाल्या, "अहो, पोथीतलं कोणतं आणि बुवांच्या पदरचं कोणतं, ह्यावरून." बिलकुल बराबर! इतकी वर्षं मी कॅनन म्हणजे काय ते सगळ्यांना समजावत बसले, आणि आईंनी एका वाक्यात निकाल लावला.

तुम्हाला ती संध्याकाळ आठवत असेल. विकी नुकतं सुरू झालेलं, तुम्ही सुट्टीवर आल्ते, आणि हॅलमला एक मुलगी होती हे पानावर घ्यायचं की नाही यावरून तुम्ही दोघं चुलत भाऊ हमरीतुमरीवर आल्ते. खेळाच्या डब्यातल्या पुस्तिकेत तसं छापलंय, तुम्ही म्हणत होता. मी भजी तळत होते, आणि आतून ऐकत होते. केशव म्हणाला, "खेळताना पडद्यावर दिसलं ते धरायचं. पुस्तिकेतलं नाही, कंपनीनं सांगितलेलं नाही, आपल्याला वाटलं म्हणून तर बिलकुल नाही. आज पोरगी चिकटवू, उद्या कुणीतरी त्याला मारून टाकेल. कशाच्या जोरावर?" तुम्ही रुसून गच्चीवर गेलात आणि भजी मी वर आणून दिली. केशवला एवढ्या जोरात बोलताना मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. पुढं त्याची रोलिंग मिल बंद पडली, हिशेबाच्या टेबलावरून उठून घरी आला, तेव्हा तो असा बोलला असता तर किती बरं झालं असतं. तेव्हा तो काहीच बोलला नाही. कॉम्प्युटरसमोर बसायचा, हाक मारली की वळून बघायचा आणि परत तिकडं तोंड करायचा. मला वाटायचं, बसू दे, मन रमतंय. रमत नव्हतं हो. मला कळलं नाही.

मंग त्या वर्षी गणपती बसायच्या आधी तो "टेंभुर्णीला जाऊन येतो" म्हणून निघाला. टेंभुर्णीला पोचलाच नाही. स्कूटर स्टेशनच्या स्टँडवर सापडली. हे तुम्हाला कशाला सांगतेय, स्टँडवरून स्कूटर ढकलत घरी तुम्हीच आणली होती.

आणि दिवाळी झाल्यावर केशवच्या नावानं विकीवर पहिला बदल उमटला. दीपगृहाच्या पानावरचं एक चित्र नीट बसवलेलं, बस्स. मी किंचाळले. आई देवघरातून धावत आल्या, मामंजी नुसत्या बनियनवर बाहेर आले. तो जिवंत आहे! कुठं आहे ठाऊक नाही, आपल्याशी बोलायचं नाही त्याला, पण कुठंतरी पंख्याखाली बसून तो हॅलमच्या गावाचं चित्र नीट करतोय. आईंनी त्या दिवशी साखर वाटली. तेव्हापासून आमचं घर त्या पानावर चालतंय, भाऊजी. मी कामावरून आले की आई पाणी द्यायच्या आधी विचारतात, "काही लिहिलं का त्यानं?" लिहिलं असलं की मी मराठी करून वाचून दाखवते. स्वल्पविराम बदलला एवढंच असलं, तरी मी त्याचं वाक्य करून सांगते. मी बी पदरचं घालते, आता काय लपवू.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका मला बोलवावं की नाही यावर कुजबुज करतात, ते मला दारातून दिसतं. मी ताठ मानेनं आत जायचे. नंदाबाईंनी एकदा हळूच विचारलं, तेव्हा सगळ्यांच्या देखत म्हटलं, "लिहितात ते. परवाच लिहिलंय." वाण घेऊन आले.

तर, हॅलमच्या भांडणात केशव काय म्हणतो, याची मी या वेळी जीव मुठीत धरून वाट बघत होते. म्हटलं, आता तो गप्प बसणार नाही. हे त्याचं दुखणं आहे, ह्यावर तो भरभरून लिहील, मला त्याचा आवाज ऐकू येईल.

तो लिहिता झाला. फेब्रुवारीच्या मध्यात. एकच ओळ: "लिहिणाऱ्यानं सांगितलंय तर धरायला हवं. हॅलमला मृत करा." आणि खाली केशवचं नाव.

आई बाजूलाच बसल्या होत्या. "काय म्हणतो?" मी म्हटलं, "काही नाही, चित्र बदललंय."

दोन-तीन दिवस मी स्वतःची समजूत घालत राह्यले. माणूस बदलतो. अडीच वर्षं झाली, कुठं राहतो, काय खातो, कोणाच्या संगतीत असतो कोण जाणे, बदललं असेल मत. पण नाही. केशव भाजीत मीठ कमी असलं तरी बोलायचा नाही, जगातल्या कोणत्याच गोष्टीवर त्याचं ठाम मत नव्हतं, ह्या एका गोष्टीवर होतं. ते तो सोडणार नाही. ती ओळ केशवची नाही. आणि ती ओळ केशवची नसेल तर आधीच्या ओळी तरी कुणाच्या?

त्या खात्याचा पासवर्ड तुम्हा दोघा भावांनाच ठाऊक होता. तुम्ही दोघांनी मिळून विकी काढलं.

भाऊजी, मला गेली भाऊबीज आठवली. तुम्ही आमच्याकडं होता. दुपारी पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसला होता, मी करंज्यांचं ताट घेऊन आले तेव्हा उठलात. मी सहज पान उघडलं, तर केशवचा बदल! ताजा! मी वेड्यासारखी अंगणात धावले, "अहो मार्तंडभाऊजी, भाऊबीजेच्या दिवशी लिहिलंय बघा त्यानं, तुमची आठवण आली असणार त्याला." तुम्ही पायात चपला घालत होता. माझ्याकडं बघितलं नाहीत. "पान खाऊन येतो" म्हणालात आणि दिवेलागणीला परत आलात. घरात बहीण नाही म्हणून आईच ओवाळतात, त्या दिवशी त्यांनी तुम्हाला केशवच्या वाटचं सुद्धा ओवाळलं. आठवतं का?

मला आधी फार राग आला. तुम्हाला फोन करून काय काय बोलायचं ते मनात ठरवलं, आणि तुम्ही फोन उचलला नाहीत हे एका अर्थी बरंच झालं, नाहीतर ते सगळं तोंडातून निघालं असतं. आमची कीव आली म्हणून केलंत, हे मला कळतं. काकूचे हाल बघवेनात, वहिनीचं तोंड बघवेना, म्हणून एक चित्र नीट करून टाकलंत. मंग थांबता येईना. हे मी समजू शकते. मी तुमच्या जागी असते तर मी बी केलं असतं कदाचित.

पण नंतर जे सुचलं, तेच लिहायला मी हा कागद घेतलाय. इतका वेळ शेवया आणि नंदाबाई करत बसले.

तुम्ही त्याच्या नावानं लिहायला धजलात कसे? उद्या केशवनं स्वतः ते पान उघडलं असतं तर? तो जिवंत असता तर कुठल्याही गावाच्या नेट कॅफेत बसून पहिलं तेच पान उघडलं असतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. आपल्या नावाखाली दुसराच कुणी लिहून राह्यलाय हे त्याला दिसलं असतं. ज्याला वाटतं की माणूस परत येईल, तो त्याच्या नावाला हात लावत नाही, भाऊजी. त्याची जागा मोकळी ठेवतो. तुम्ही ठेवली नाहीत. म्हणजे तो येणार नाही, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

ज्या ओळींवर मी कुंकू लावत होते, त्याच ओळी सांगत होत्या की तो नाही. आणि मी त्या आईंना मोठ्यानं वाचून दाखवत होते.

मंग एकेक सगळं वर आलं. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास तुम्ही परभणीला गेल्ता. कंपनीचं काम म्हणालात. पुण्यातल्या कॉम्प्युटर कंपनीचं परभणीला काय काम असतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. परत येताना इकडं उतरलात. आई "ये रे" म्हणून उंबऱ्यावर आल्या, तर तुम्ही त्यांना हात लावू दिला नाही, कुणाशी बोलला नाहीत, थेट मागच्या दारानं मोरीत गेलात आणि अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घेतलंत. भर दुपारी बादल्या रिकाम्या केल्यात. मी टॉवेल दिला. "एसटीत धूळ फार होती, वहिनी." मुंज झाल्यावर आठ दिवसांत जानवं खुंटीला टांगलेले तुम्ही, मामंजींनी संध्या शिकवायला घेतली की गच्चीवर पळणारे. पण अंगात भिनलेलं कुठं जातं? कुठून आलं की माणूस घरात शिरायच्या आधी असं न्हातो, ते मला सांगायला पाहिजे का? आणि त्या दिवाळीला तुम्ही फराळाला शिवला नाहीत. पोट बिघडलंय म्हणालात. आई ओवा घेऊन तुमच्यामागं फिरत होत्या. तुम्ही एकट्यानंच दुखवटा पाळत होता, आम्ही बाकीचे लाडू खात होतो.

कुणी बोलावलं होतं तुम्हाला परभणीला? पोलिसांनी? त्याच्या खिशात तुमचा नंबर होता का? माझा का नव्हता?

हा प्रश्न मी कितीतरी वेळा खोडला आणि परत लिहिला. राहू द्या.

आता मामंजींचं ऐका. गेल्या आठवड्यात गुरुजी आल्ते. मामंजींनी त्यांना विचारलं, मी स्वयंपाकघरात होते हे विसरून. गुरुजी म्हणाले, बेपत्ता माणसासाठी बारा वर्षं थांबावं लागतं. मग पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात आणि पुढचं सगळं करतात. पण गेल्याचं कुणी डोळ्यांनी पाहिलं असेल तर थांबायची गरज नाही, पैठणला नदीवर जाऊन आजही करता येईल. मामंजी म्हणाले, "बारा वर्षं मी काही राहत नाही. पण पाहिलं कुणी? आणि तो तर लिहितो ना." मी आतून ऐकलं. पोळी करपली.

ते सत्तरीचे झाले, भाऊजी. मुलगा जिवंत आहे या आनंदात नाही, तो जिवंत आहे आणि आपल्याकडं येत नाही या अपमानात ते म्हातारे झाले. "मी त्याला कधी वाकडं बोललो का गं?" असं मला विचारतात. काय उत्तर देऊ? तुमचा मुलगा तुमच्यावर रागावलेला नाही, तो मेलाय, असं सांगू? कोणत्या तोंडानं? मी तर काहीच पाहिलेलं नाही.

लॅबमध्ये बी रुजलं नाही तर आम्ही त्याला लगेच मेलं म्हणत नाही. बोटानं दाबून बघतो. टणक लागलं तर जिवंत धरतो, पिचकलं तर मेलेलं. मी गेली अडीच वर्षं दाबून बघायचंच टाळलं. टणक आहे, टणक आहे म्हणत राह्यले. आता दाबलंय. बोटाला जे लागलं ते परत पुसून टाकता येत नाही.

ती फेब्रुवारीतली ओळ तुम्ही चुकून लिहिली की मुद्दाम? कधी वाटतं, थकून गेलात आणि नियम विसरलात. कधी वाटतं, मला सांगायचंच होतं तुम्हाला, तोंडानं जमेना म्हणून हॅलमच्या आडून सांगितलंत. तसं असेल तर पोचलं बरं का. नीट पोचलं.

चौकट मी अजून बदललेली नाही. दोघं तिकडं भांडतायत, मी नुसती बघते. बदलायचा हक्क केशवनं मला देऊन ठेवलाय, एक बटण दाबलं की काम झालं. काल बसले होते. बोट जाईना. खोट्या माणसासाठी रडू येत होतं मला, हसू नका.

आता मागते ते द्या. पुढच्या शनिवारी सुट्टी काढून या. फोन नको, ईमेल नको, त्याच्या नावानं तर आता एक अक्षरही नको. आईंसमोर खाली बसायचं, मामंजींना जवळ घ्यायचं, आणि परभणीला काय पाहिलं ते सांगायचं. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. तो शांत दिसत होता, त्रास झाला नसेल, असलं काही पदरचं घालू नका, आम्ही आता खोट्यावर जगायला उरलो नाही. माझ्याच्यानं आईंना सांगवणार नाही. तुम्ही वाचवायला म्हणून आशा लावलीत, ती काढून घ्यायलाही तुम्हीच या.

गुरुजी म्हणाले, मूलबाळ नसेल तर धाकट्या भावानं करावं. सख्खा नाही, चुलत चालेल, मी विचारून घेतलंय. इतकी वर्षं तुम्ही त्याचं नाव चालवलंत. पैठणला पळसाच्या पानांच्या त्या माणसाला त्याच नावानं अग्नी द्यायला तुम्हीच उभं राहायचं. मी काठावर असेन. बायका जात नाहीत म्हणतील, मी जाणार आहे. मला तेवढं तरी डोळ्यांनी बघू द्या.

आणि तुम्ही काहीच पाहिलं नसेल, परभणीला खरंच कंपनीचं काम असेल, मोरीत न्हालात ती खरंच एसटीची धूळ असेल, तर दारात उभं राहून मला तसं सांगा. मी तुमच्या पाया पडेन, वयाचा मान विसरून. पण तुम्ही तसं सांगणार नाही. हे वाचताना तुमचं तोंड कसं झालं असेल ते मला इथून दिसतंय.

आई हाक मारतायत. विचारतील आता, काही लिहिलं का म्हणून. "नाही" असं सांगते.

इतकी वर्षं पत्राखाली सही करताना मी कधी थांबले नाही. आज नावाच्या आधी काय लिहायचं ते तुम्ही आल्यावर ठरेल. तोवर नुसती,

उमा